माजी विद्यार्थी आणि विद्यमान संघ : क्रॉस कंट्री शर्यतीचा एक विचार

(व्याख्यानाचा मजकूर)



बऱ्हाणपुरावरून आग्र्याकडे जाणारा मोगलकालीन हमरस्ता केवळ फौजांचा आणि कापडाच्या व्यापाऱ्यांचा नव्हता. तो धावणाऱ्यांचाही होता. सतराव्या शतकात या शहरी येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याचे प्रवासवृत्त १६७६ साली प्रसिद्ध झाले. बऱ्हाणपूरच्या तलम कापडाची नोंद तर त्यात आहेच. पण या देशातील डाकेच्या व्यवस्थेविषयीही त्याने मोठ्या कुतूहलाने लिहिले आहे. ठरावीक अंतरावर एकेक झोपडी असे आणि तीत दोन-तीन हरकारे राहत. एक हरकारा धावत आला की तो पत्राची पिशवी झोपडीच्या दाराशी टाकी आणि दुसरा ती उचलून तत्काळ धावत सुटे. पत्र हातात देणे अशुभ मानीत, म्हणून ते जमिनीवर टाकावयाचे. अंधाऱ्या व पावसाळी रात्री वाट चुकू नये यासाठी रस्त्याच्या कडेला दगडांचे लहान लहान ढीग रचलेले असत व ते पांढरे करून ठेवण्याचे काम जवळच्या गावकऱ्यांकडे असे. पायी धावणारा हा हरकारा घोडेस्वारापेक्षा लवकर पोहोचतो, असे या परदेशी प्रवाशाने नमूद करून ठेवले आहे.

या जुन्या गोष्टीचे स्मरण करण्याचे कारण असे की, क्रॉस कंट्री हा शब्द कानी पडताच ते काहीतरी परक्यांचे, शहरातल्या मोठ्या महाविद्यालयांचे प्रकरण आहे, असा समज पुष्कळांचा होतो. नाव परके आहे, हे खरे. पण शेताच्या बांधावरून, पांदणीतून, ओढा ओलांडून, चढण चढून व उतरण उतरून धावणे ही गोष्ट आपल्याकडील माणसाला शिकविण्याची गरज नाही. शिकण्यासारखी आहे ती त्या शर्यतीची रचना. त्यातही महाविद्यालयाचे माजी धावपटू एका बाजूला आणि त्याच महाविद्यालयाचा विद्यमान संघ दुसऱ्या बाजूला, अशी जी शर्यत परदेशात अनेक ठिकाणी दरवर्षी होते, तिचा विचार बऱ्हाणपूरसारख्या ठिकाणी अवश्य व्हावयास हवा.

प्रथम या क्रीडाप्रकाराची थोडी पूर्वपीठिका. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील श्रूजबरी व रग्बी येथील शाळांतून मुले ‘ससे आणि शिकारी कुत्रे’ असा एक खेळ खेळत. दोघे-तिघे ससे होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढे पळावयाचे आणि बाकीच्यांनी त्या खुणेवरून शेते-कुंपणे ओलांडीत त्यांचा पाठलाग करावयाचा. टॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ या कादंबरीत या खेळाचे वर्णन आले आहे. पुढे १८६८ मध्ये लंडनजवळ होडी वल्हविणाऱ्या काही मंडळींनी हिवाळ्यात अंग हलते राहावे म्हणून या धावण्याचा स्वतंत्र संघ काढला. १८७६ साली एपिंगच्या जंगलात इंग्लंडची पहिली राष्ट्रीय शर्यत भरली, तेव्हा मात्र मोठी गंमत झाली. सर्वच्या सर्व धावपटू वाट चुकले आणि शर्यत रद्द ठरवावी लागली! वाट नीट आखली नाही तर पाय कितीही चांगले असोत, त्यांचा उपयोग नाही, हे या मंडळींना पहिल्याच वर्षी कळले. दगडांचे ढीग पांढरे करून ठेवणारे आपले गावकरी या बाबतीत दोनशे वर्षे पुढे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला आणि १९२४ नंतर तेथून गेला. त्या हकिगतीकडे पुढे यावयाचे आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७३ पासून होत आली आहे. आपल्या देशात आंतरमहाविद्यालयीन व आंतरविद्यापीठ पातळीवर ही स्पर्धा होते. तिच्यासाठी महाविद्यालये संघ पाठवितात, संघ परत येतो, वृत्तपत्रात दोन ओळी छापून येतात आणि प्रकरण संपते.

माजी विद्यार्थ्यांच्या शर्यतीची चाल मुख्यतः अमेरिकेतील महाविद्यालयांत दिसते. तेथे क्रॉस कंट्रीचा हंगाम शरद ऋतूत असतो व त्याच्या आरंभीच, मोठ्या सुटीनंतर, ही शर्यत ठेवतात. त्यात दोन हेतू साधले जातात. सुटीत कोणी सराव चालू ठेवला आणि कोणी केवळ तोंडाने सांगतो, हे प्रशिक्षकाला पहिल्या दोन किलोमीटरांतच दिसते. आणि जे विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेले, ज्यांना लग्न, नोकरी, मुलेबाळे झाली, ते वर्षातून एकदा तोच गणवेश अंगावर चढवून त्याच वाटेवर उभे राहतात. यातील कित्येकांचे पोट सुटलेले असते. तरुण मुले हसतात. पण बंदुकीचा बार झाला की पहिल्या चढणीपर्यंत हसणे टिकते, नंतर नाही.

आता या शर्यतीच्या गुणलेखनाकडे येऊ. हा भाग थोडा किचकट वाटेल. परंतु या खेळाचे खरे मर्म येथेच आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला आला तो जिंकला. क्रॉस कंट्रीत संघ जिंकतो, आणि तो कसा जिंकतो हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक संघाचे सात धावपटू उतरवावयाचे व त्यांतील पहिल्या पाचांचे क्रमांक धरावयाचे, अशी एक रूढ पद्धत आहे. पाचांच्या क्रमांकांची बेरीज ज्या संघाची कमी, तो संघ विजयी.

समजा, माजी विद्यार्थ्यांच्या संघात एक सैन्यातील जवान आहे, एक पोलीस शिपाई आहे आणि एक शाळेतील क्रीडाशिक्षक आहे. हे तिघे रोजचे धावणारे. ते पहिला, दुसरा व चौथा क्रमांक पटकावतात. बाकीचे चौघे म्हणजे एक दुकानदार, एक यंत्रमागावर पाळी करणारा, एक केळीबागाईतदार आणि एक कारकून. त्यांचा सराव सुटलेला. ते अकरावे, बारावे, तेरावे व चौदावे येतात. विद्यमान संघातील मुलांपैकी एकच तिसरा येतो आणि उरलेले सहा जण पाचव्यापासून दहाव्यापर्यंत, एकमेकांच्या पाठोपाठ येतात. बघणाऱ्याला वाटेल, पहिले दोन्ही क्रमांक माजी विद्यार्थ्यांचे, तेव्हा तेच जिंकले. आता बेरीज करा. माजी विद्यार्थी : एक, दोन, चार, अकरा व बारा, एकूण ३०. विद्यमान संघ : तीन, पाच, सहा, सात व आठ, एकूण २९. एका गुणाने मुले जिंकली.

येथे खरी मौज पुढेच आहे. मुलांच्या संघातील नवव्या व दहाव्या क्रमांकावर आलेल्या दोघांचे गुण बेरजेत कोठेच धरलेले नाहीत. ते संघातले सहावे व सातवे. वरवर पाहता त्यांचे धावणे फुकट गेले. पण ते दोघे मध्येच बसले असते तर काय झाले असते? माजी विद्यार्थ्यांचे अकरावे व बारावे आलेले गडी नववे व दहावे ठरले असते. त्यांची बेरीज एक, दोन, चार, नऊ व दहा म्हणजे २६ झाली असती आणि शर्यत माजी विद्यार्थ्यांनी तीन गुणांनी जिंकली असती. म्हणजे ज्यांच्या नावावर एकही गुण नाही, त्या दोन मुलांनी शर्यत जिंकून दिली. ज्या शिक्षकांना वर्गात बेरीज-वजाबाकी शिकवावी लागते त्यांनी हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे. मुलांना ते एकदा समजले की संघातला सातवा मुलगा दुसऱ्या दिवसापासून सरावाला वेळेवर येतो.

हाच न्याय माजी विद्यार्थ्यांनाही लागू आहे. दहा वर्षे न धावलेल्या दुकानदाराला आपण येऊन काय करणार, असा संकोच वाटतो. त्याने जिंकण्याची गरजच नाही. त्याने शेवटपर्यंत धावत राहावे आणि एखाद्या दमलेल्या मुलाला मागे टाकावे, एवढ्यानेही निकाल फिरू शकतो. एकट्या नामवंताच्या जिवावर जिंकता येत नाही, असा हा खेळ आहे.

ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने यात काय गुंतलेले आहे, ते आता पाहू. मुलगा महाविद्यालयात येतो, तीन वर्षे धावतो, एखादे प्रमाणपत्र मिळवितो आणि वयाच्या विशी-एकविशीत बूट खुंटीला टांगतो. त्यानंतर त्याच्या धावण्याला कोणी विचारणारे उरत नाही. पोलीस किंवा सैन्यभरतीची जाहिरात आली की दोन महिने पहाटेचा सराव. भरती झाली नाही की तोही बंद. लांब पल्ल्याच्या धावपटूची ताकद पंचविशीनंतर पुढे फुलते, ही गोष्ट जाणकारांना ठाऊक आहे. म्हणजे जेव्हा पीक हाती यावयाचे तेव्हाच आपण शेत सोडून देतो.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावच्या अविनाश साबळे यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्यांचा जन्म १९९४ चा. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर. वाहनाची सोय नाही, म्हणून लहानपणी ते अंतर पायी व धावत कापावयाचे. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, सियाचेनच्या बर्फात व राजस्थानच्या वाळूत त्यांनी नोकरी केली. स्पर्धात्मक धावण्याकडे ते वळले ते २०१५ साली, आणि तेही सैन्यांतर्गत क्रॉस कंट्रीच्या वाटेने! आपला विद्यार्थी ज्या वयात धावणे सोडतो, त्या वयात त्यांनी सुरुवात केली. २०१८ मध्ये त्यांनी तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील गोपाल सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक, हांगझौ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी, हा त्यांचा पुढील प्रवास सर्वश्रुत आहे. त्यांना सैन्याने दुसरी संधी दिली. सैन्यात न गेलेल्या मुलाला ती कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

मुलींच्या बाबतीत तो अधिकच बिकट आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक व त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. अशी नावे पुढे आली की टाळ्या पडतात. परंतु लग्न झालेली माजी विद्यार्थिनी चार बायकांच्या देखत धावावयास निघाली तर गाव काय म्हणेल, या भीतीला टाळ्यांनी उत्तर मिळत नाही. माजी विद्यार्थिनींची शर्यत महाविद्यालयाच्या नावाने, प्राचार्यांच्या निमंत्रणावरून भरली, तर घरून निघणे सोपे होईल. जागतिक स्पर्धेत २०१७ पासून स्त्रिया व पुरुष यांचे अंतर सारखेच, म्हणजे दहा किलोमीटर आहे. आपल्याकडे आरंभी चार किलोमीटरही पुष्कळ झाले.

आणि ही आपल्या लोकांची जुनी विद्या आहे, यालाही पुरावा आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहताना दोराबजी टाटा यांना असे दिसले की, शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली मुले अनवाणी धावत आहेत आणि लांब पल्ल्यात त्यांची कामगिरी परदेशी धावपटूंच्या फारशी मागे नाही. त्यांच्या खटपटीने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला जो भारतीय संघ गेला, त्यातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले.

आता बऱ्हाणपुरात अशी शर्यत भरवावयाची तर काय करावे लागेल? पहिला प्रश्न काळाचा. पॅरिसच्या १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री शर्यत जुलै महिन्याच्या भर उन्हात घेतली. ३८ धावपटू निघाले, १५ जणांनीच शेवट गाठला; अनेकजण वाटेत कोसळले. फिनलंडचे पावो नुर्मी सहज जिंकले, पण त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून कायमचा वगळला गेला. तापीखोऱ्यातील उन्हाळा ज्याने अनुभवला आहे त्याला याहून अधिक सांगावयास नको. पावसाळ्यात येथील काळी जमीन पायाला धरून ठेवते; एकेका बुटाला शेर-शेर चिखल चिकटतो. तेव्हा दिवाळी ते संक्रांत हाच काळ योग्य. त्यातही भाऊबीजेनंतरचा रविवार अधिक सोयीचा दिसतो. परगावी नोकरीस असलेली मंडळी तेव्हा घरी आलेली असतात, आणि माजी विद्यार्थ्यांना गोळा करण्याचा निम्मा खर्च व त्रास वाचतो. महाविद्यालयास सुटी असते ही अडचण खरी, परंतु संघातील मुलांना चार दिवस आधी बोलावून घेणे अशक्य नाही.

दुसरा प्रश्न वाटेचा. पलीकडच्या तीरावर झैनाबादची बाजू आहे. मुमताज महालचे १६३१ साली बऱ्हाणपुरात निधन झाल्यावर तिला प्रथम जेथे दफन केले तो आहुखाना तिकडेच. तापीकाठच्या शाही किल्ल्यावरून पाहिले तर त्या बाजूची शेते नजरेत भरतात. अशा मोकळ्या शिवारात सुमारे दोन किलोमीटरचे एक वेटोळे आखून त्याचे तीन-चार फेरे घ्यावेत. लांबच लांब एकेरी वाटेपेक्षा वेटोळे केव्हाही बरे. प्रेक्षकांना धावपटू पुन्हा पुन्हा दिसतात, प्रथमोपचाराची पेटी एकाच जागी ठेवता येते आणि एपिंगच्या जंगलासारखा प्रकार होत नाही. ऐतिहासिक म्हणून कुंडी भंडाऱ्याच्या बाजूने वाट न्यावी असे एखाद्याला वाटेल. जमिनीखालून पाणी शहरात आणणारी १६१५ सालची ती योजना अवश्य पाहावी, मुलांना दाखवावी. पण विहिरींच्या त्या रांगेतून धावण्याची शर्यत काढू नये.

केळीच्या बागेतून जाणे टाळावे. ठिबक सिंचनाच्या नळ्या पायात अडकतात, धावपटू पडतो आणि शेतकऱ्याचे नुकसान होते ते वेगळेच. काढणी झालेले शेत, पांदण, गायरान, नदीकाठची कोरडी जमीन एवढ्यावर भागते. शेताच्या मालकाची संमती आधी घ्यावी, ग्रामपंचायतीस लेखी कळवावे, आणि शर्यतीनंतर बांध फुटला असेल तर त्याच संध्याकाळी मुलांनी तो नीट करून द्यावा. एवढे केले तर दुसऱ्या वर्षी शेतकरी आपणहून विचारतो, यंदा केव्हा? वाटेवर धावणाऱ्याच्या डाव्या हाताला तांबडी व उजव्या हाताला पांढरी निशाणे लावण्याचा प्रघात आहे. वळणावर फक्कीची रेघ ओढावी आणि प्रत्येक वळणाला एक विद्यार्थी उभा करावा. मोकाट कुत्री आणि काटेरी तार, या दोन गोष्टींची पाहणी आदल्या दिवशी पहाटे प्रत्यक्ष चालून करावी. कागदावर पाहणी करून भागत नाही.

शेवटच्या टप्प्यावर दोन दोऱ्या बांधून निमुळती गल्ली करावी, म्हणजे धावपटू आलेल्या क्रमानेच एकामागून एक उभे राहतात. तेथे एका शिक्षकाने क्रमांकाचा पुठ्ठ्याचा तुकडा हातात द्यावयाचा व दुसऱ्याने नाव लिहावयाचे. घड्याळ एक असले तरी चालेल, क्रमांक चुकता कामा नये. कारण सगळी बेरीज त्यावर आहे.

चाळिशी ओलांडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आधी डॉक्टरांकडून रक्तदाब व हृदय तपासून घ्यावे. जुन्या कीर्तीच्या भरात पहिल्याच किलोमीटरला मुलांच्या बरोबरीने सुटणारा प्रौढ माणूस हा या शर्यतीतील सर्वांत धोक्याचा धावपटू असतो. त्याने दीड-दोन महिने आधी चालण्यापासून सुरुवात करावी. शिवाय ज्यांना धावणे नकोच असेल त्यांच्यासाठी वळणावर निशाण घेऊन उभे राहण्याचे काम आहेच.

सर्वांत कठीण काम माजी धावपटू शोधण्याचे. त्यासाठी महाविद्यालयाच्या जिमखान्याच्या जुन्या नोंदवह्या काढाव्या लागतील. पुष्कळ ठिकाणी त्या वाळवीने खाल्लेल्या असतात, किंवा संघाच्या कप्तानाचेच तेवढे नाव लिहिलेले असते. तेव्हा ज्या वर्षी ही शर्यत सुरू होईल त्या वर्षापासून एक वही वेगळी घालावी. तीत दोन्ही संघांतील सर्वांची नावे, गाव, उत्तीर्ण होण्याचे वर्ष आणि शर्यतीतील क्रमांक लिहावेत, पहिल्या पाचांचे तर लिहावेतच. पण सहाव्याचे व सातव्याचेही लिहावेत.